अजून तुम्हीच सांभाळता ना?

चमच्यांच्या खणात काहीतरी थरथरलं. दोनदा आखूड, एकदा लांब. चमचे एकमेकांना लागून किणकिणले आणि पुन्हा सगळं शांत झालं.

तिला आधी वाटलं, उंदीर. दुपारचे अडीच वाजले होते. घरात इतकी शांतता होती की टेबलाखाली बसून रंगवणाऱ्या मुलीचा खडू कागदावर घासल्याचा आवाज ऐकू येत होता. मुलगी तापामुळे दोन दिवस शाळेत गेली नव्हती. आतल्या खोलीचं दार नेहमीसारखं लोटलेलं होतं. मग तिच्या लक्षात आलं की तो नवऱ्याचा फोन आहे. खणात फोन कुणी ठेवला, असा प्रश्न मनात उमटतो न उमटतो तोच उत्तरही आलं, की तो तिथे आहेच, तीन महिने आहे. त्यानेच ठेवलाय. रोज सकाळी ती चमचा काढते तेव्हा फोन जरा बाजूला सरकवते, आठवड्यातून दोनदा बाहेर काढून चार्ज करते आणि पुन्हा तिथेच, चमच्यांवर पालथा ठेवते. का चार्ज करते ते तिने कधी स्वतःला विचारलं नव्हतं. बंद पडला असता तर चाललं असतं. पण बंद पडू द्यायचा नाही, एवढं तिचं तिने ठरवून टाकलं होतं, आणि ठरवलेल्या बऱ्याच गोष्टींसारखं हेही हाताला आपोआप होत असे.

मग तिने समोर पाहिलं. लॅपटॉपच्या पडद्यावर तिनेच लिहिलेल्या प्रोग्रॅमची रोजची ओळ नुकतीच आली होती. रोज अडीचला येते. आजवर ती तिने नीट वाचलीच नव्हती. आज वाचली, कारण उद्या दुकान उघडायचं होतं. ओळ अशी होती: तिसरं पत्र पाठवलं, एक.

एक. शून्य यायला हवं होतं. दुकान उघडलेलं नाही, तर पत्र कुणाला जाणार? आणि त्याच क्षणी तिला खणातला आवाज पुन्हा ऐकू आला, खरा नव्हे, कानात राहून गेलेला.  हात टेबलावरच होते, पण ते कुणा दुसऱ्या बाईचे असावेत असे दिसले, नखाशी पिवळा रंग लागलेले.

दुकान म्हणजे खरं तर दुकान नव्हे. वेबसाइट बनवायचा एक फुकटचा सांगाडा होता, जगभरच्या माणसांनी वर्षानुवर्षं मिळून लिहिलेला, कुणाच्या मालकीचा नसलेला. कुणीही घ्यावा, कुणीही त्यात भर घालावी. या सांगाड्यावर बसवायची छोटी छोटी ॲप शेकडो लोकांनी लिहून ठेवली होती, आणि ती जिथे तिथे विखुरलेली होती. ती सगळी एका जागी मांडायची, शोधता यावीत, एका बटणात बसवता यावीत, म्हणून ती आणि आणखी चौघं दीड वर्षं खपत होती. पाचही जण पाच गावांत. त्यांच्यातल्या म्होरक्याला सगळे मुकादम म्हणत. भेटी फक्त व्हिडिओ कॉलवर, त्यामुळे तो छातीपासून खाली कसा आहे हे तिने कधी पाहिलं नव्हतं. मुलीने एकदा विचारलं होतं, "आई, तुझ्या दुकानात काय मिळतं?" तिने सांगितलं. "आणि सगळं फुकट?" "हो." मुलगी विचारात पडली. मग म्हणाली, "मग त्याला दुकान कशाला म्हणता? घर म्हणा की."

तिच्या वाट्याला बेवारस ॲप आली होती. लिहिणारा निघून जातो, कंटाळतो, दुसऱ्या कामाला लागतो, मरतोही, आणि त्याचं ॲप हजारो वेबसाइटवर चालत राहतं. त्याला कुणी विचारायचं? म्हणून तिने नियम लिहिला. वर्षभर ज्याला कुणाचा हात लागला नाही त्याच्या पालकाला पत्र जाईल. पंचेचाळीस दिवसांनी दुसरं. आणखी पंचेचाळीस दिवसांनी तिसरं, आणि त्या दिवशी दुपारी चारपर्यंत उत्तर आलं नाही की त्या माणसाचं नाव काढायचं, 'बेवारस' अशी पाटी लावायची, आणि जो पहिला मागेल त्याला ते देऊन टाकायचं. 'बेवारस' शब्दावरून ती भांडली होती. 'पालक हवा' असं लिहू या, म्हणाली होती. "दुकान काढतोय आपण, अनाथाश्रम नाही," मुकादम म्हणाला होता, आणि सगळे हसले होते. पण पत्राचा मजकूर मात्र तिचा तसाच राहिला. तो तिने एका सकाळी, मुलगी शाळेत गेल्यावर, भांडी तशीच टाकून लिहिला होता. वाटलं होतं, सरकारी नोटिशीसारखं नको, ज्याला जाईल तो माणूस आहे. 'नमस्कार. बऱ्याच दिवसांत तुम्ही दिसला नाहीत. बरे आहात ना? हे अजून तुम्हीच सांभाळता ना?' खाली दोन बटणं. पहिल्यावर आधी 'हो, मी सांभाळतो' लिहिलं, मग सांभाळते म्हणणाऱ्या बायकांचं काय, म्हणून बदलून 'हो, अजून मीच' केलं. दुसऱ्यावर 'नाही, दुसऱ्या कुणाला द्या'.

चाचणीसाठी एक खरी नोंद हवी होती. कुठलीही चालली असती. तिने नवऱ्याच्या जुन्या ॲपची घेतली, कारण ती तिला पाठ होती. त्याचं नाव, त्याचा पत्ता, शेवटचा हात लागल्याची तारीख. चाचणीची पत्रं खोट्या पेटीत पडतात, बाहेर जात नाहीत. पण त्या दिवशी मुलीने न्हाणीघरातून "आई, साबण डोळ्यात!" अशी किंकाळी फोडली, आणि ती उठली तेव्हा खोट्या पेटीची कळ दाबली होती की नाही, हे परत येऊन तिने पाहिलं नाही. नंतर नोंद काढून टाकायची म्हणून काढली, ती चाचणीच्या यादीतून. खऱ्या यादीत ती राहिली. तिथून यंत्र एकेक दिवस मोजत राहिलं. कुणाला न सांगता, न चुकता, तिने शिकवलं होतं तसं.

तीन महिने. तिने पहिल्या पत्राची तारीख उघडून पाहिली. पाहायची गरज नव्हती. त्या मंगळवारच्या सकाळपर्यंत नवरा निदान खोलीबाहेर येत होता. काम सुटलं होतं, दाढी वाढली होती, बोलणं कमी झालं होतं, पण जेवायला टेबलाशी बसायचा, संध्याकाळी मुलीला खाली झोक्यावर न्यायचा, आणि झोका देताना चुकला की मुलगी ओरडायची, "बाबा, लक्ष कुठाय तुझं!" मग त्या मंगळवारी ती डबा भरत असताना तो आला, खण उघडला, फोन आत ठेवला, खण लावला. तिला वाटलं, चमचा हवा असेल. तो आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "त्या सुमाराला घरात काही घडलं होतं का? भांडण, वाईट बातमी, कुणाचं पत्र?" तिने मनाशी नीट आठवून, अगदी प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "नाही हो. काहीसुद्धा नाही."

'उघडं-बंद' त्याने मुलगी तीन आठवड्यांची असताना लिहिलं. एवढंसं ॲप. वेबसाइटच्या कोपऱ्यात एक चौकोन येतो, आत्ता उघडं आहे, हिरवा. आत्ता बंद आहे, करडा. मुलगी तेव्हा फक्त त्याच्या डाव्या हातावर झोपायची, खाली ठेवली की जागी. म्हणून त्याने ते सगळं उजव्या एका हाताने टंकलं. त्यामुळे आतली सगळी नावं एकेका अक्षराची, क, च, ट. पुढे कुणीतरी त्यावरून त्याला झापलं होतं, ही काय लिहायची पद्धत झाली? त्याने उत्तर दिलं होतं, 'दुसऱ्या हातात मोठं काम होतं.' ते वाचून ती बाळाला पाजता पाजता इतकी हसली होती की बाळाचं तोंड सुटलं. त्या दिवसांत घराला दुधाचा, ओल्या दुपट्यांचा, झोपेचा वास होता, आणि ती दोघं एका अंथरुणावर पाय लांब करून दोन लॅपटॉप घेऊन बसायची, मधे हे गाठोडं. नऊ हजार वेबसाइटवर गेलं ते. ग्रंथालयं, दातांचे दवाखाने, एक पोहण्याचा तलाव. एका न्हाव्याने लिहिलं होतं, तुमचा चौकोन लावल्यापासून सोमवारी माझं दार कुणी बडवत नाही, सहा वर्षांनी पहिल्यांदा मी सोमवारी झोपलो. ते पत्र त्याने छापून स्वयंपाकघरात लावलं होतं. अजून होतं, फ्रिजच्या बाजूला, वाफेने कडा वळलेलं. आत्ताही त्या न्हाव्याच्या पानावर चौकोन हिरवा असेल. लिहिणारा आत पडलेला असताना चौकोनाचं काहीच बिघडलं नव्हतं, हे तिला एकदम सहन होईना.

तिने मुकादमाला फोन लावला.

"एक नोंद चुकून गेलीय यादीत. काढून टाकते."

"कुठली गं?"

"उघडं-बंद."

पलीकडे कळफलक वाजला. मग तो हसला. "अगं, हे तर तुझ्या नवऱ्याचं!"

"हो."

"मग काढतेस कशाला? वर्ष उलटून गेलंय हात लागून. नियमात चपखल बसतंय."

"चाचणीची होती रे ती. माझी चूक आहे."

"असेल. पण आता तीन पत्रं गेलीत, आणि सगळं उघड्यावर दिसतंय लोकांना. आपलं काही झाकलेलं असतं का? उद्या दुकान उघडायचं आणि आदल्या दिवशी घरच्या माणसाचं नाव हाताने पुसलेलं, हे कुणीतरी शोधून काढणार. सोलून काढतील आपल्याला. हाक मार ना त्याला. शेजारच्या खोलीत असेल."

"असेल."

"एक बटण दाबायचंय, डोंगर नाही उचलायचा."

"कामात आहे जरा तो."

"दीड वर्षं ऐकतोय, कामात आहे, कामात आहे. बांधतोय काय एवढं? आगबोट?"

ती हसली. हसू छान जमलं, नेहमी जमतं तसं. सासूबाईंच्या फोनलाही जमतं. "झोपलाय," ती सांगते. "नेहमी झोपलेलाच कसा गं सापडतो मला?" त्या विचारतात. "तुमची वेळच तशी असते आई," ती म्हणते, आणि दोघीही हसतात, आणि दोघीही फोन पटकन ठेवतात. या हसण्याची तिला इतकी सवय झाली होती की ते संपल्यावर गाल जागेवर यायला जरा वेळ लागायचा. एकदा आरशात तिने स्वतःला तसं पाहिलं होतं, फोन ठेवल्यानंतर, कुणाशीच न हसणारी बाई.

लॅपटॉप उचलून ती आत गेली. खोलीत पडदा ओढलेला. उशाशी पाण्याचा पेला, सकाळी ठेवला तसा भरलेला. तो कुशीवर होता. तिला फक्त मान दिसत होती, मानेवर वाढून वळलेले केस, चादरीची उसवलेली शिवण. या मानेला तिने किती वेळा हात लावला होता. आता लावायचा तर परवानगी घ्यावीशी वाटे.

"जागा आहेस?"

"हं."

"अरे, तुला एक पत्र आलं होतं. तीन महिन्यांपूर्वी."

 तो भिंतीलाच म्हणाला, "तुझं."

"माझं नव्हतं. यंत्राचं होतं ते. चाचणी करत होते, चुकून बाहेर गेलं."

"बरे आहात ना," तो हळू म्हणाला. "यंत्र असं विचारत नाही. तू विचारतेस." मग, "अहोजाहो केलं होतंस. म्हटलं, तोंडावर विचारवत नसेल हिला."

  लॅपटॉप हातात गरम झाला होता.

"मग मला विचारायचंस ना. उत्तर द्यायचंस."

"देणार होतो. मी वाचलं तेव्हा तू डबा भरत होतीस. खांद्यात फोन धरलेला, एका हाताने तिची वेणी धरून ठेवलेली, ती पळू नये म्हणून. मी बघितलं तुझ्याकडे. आणि ते म्हणतंय, अजून तुम्हीच सांभाळता ना." त्याने चादर जरा वर ओढली. "खोटं कसं दाबायचं?"

"ॲपबद्दल होतं रे ते. त्या चौकोनाबद्दल."

"हो. नंतर कळलं मला."

"मग?"

"मग काय. कळून काही फरक पडला नाही."

हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं की तिला राग आला. पहिल्यांदाच, या सगळ्या महिन्यांत. ताडकन म्हणावंसं वाटलं, मला विचारतं का रे कुणी, मी बरी आहे ना ते? पण राग जितक्या वेगाने आला तितक्याच वेगाने ओसरला, आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. ती पलंगाच्या कडेला बसली. लॅपटॉप त्याच्यासमोर, उशीवर टेकवला. पत्र उघडं होतं, दोन बटणं समोर.

"चार वाजेपर्यंत वेळ आहे. दाब नुसतं. नाही तर नाही दाब. काहीही दाब."

त्याने पडद्याकडे पाहिलं. डोळ्यांत पडद्याचा निळा उजेड पडला, बाकी काही हललं नाही. तिने त्याचा हात हातात घेतला. सहज आला तो, झोपलेल्या मुलीचा येतो तसा, जड आणि विश्वासाने. उजवाच. याच हाताने लिहिलं होतं सगळं. तिने त्याचं बोट बटणावर नेलं. आता फक्त तिने जरासा जोर द्यायचा होता. बोट त्याचं, जोर तिचा; उघड्यावर कुणाला काय दिसणार? ती तशीच थांबली. त्याच्या बोटाखाली काही होतंय का, किंचित तरी, कापसाएवढं तरी, हे ती हाताने ऐकत होती. चादरीचा वास येत होता. टेबलाखालून मुलगी स्वतःशीच काही गुणगुणत होती.

"तू दाब ना," तो म्हणाला. "नाहीतरी सगळं तूच दाबतेस." टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला बरं वाटलं असतं. टोमणा मारायला माणूस जागा असावा लागतो.

तिने त्याचा हात चादरीवर ठेवला, लॅपटॉप मिटला आणि बाहेर आली. दार लोटून घेतलं.

पावणेचार. ती टेबलाशी बसली आणि घड्याळाकडे पाहत राहिली. दुसरं बटणही होतं. 'नाही, दुसऱ्या कुणाला द्या.' उद्या सकाळपर्यंत कुणीतरी उचललं असतं. कुणी उत्साही, दोन्ही हातांनी टंकणारा. त्याने आतली एकेका अक्षराची नावं बदलली असती, नीट, लांबलचक, शहाणी नावं. क, च, ट गेले असते, आणि त्यांच्याबरोबर तो डावा हातही, ज्यावर तीन आठवड्यांची मुलगी झोपली होती. न्हाव्याला काही कळलं नसतं. कुणालाच काही कळलं नसतं, आणि ते अगदी बरोबर झालं असतं, नियमाप्रमाणे. नियम चांगला होता. तिने मनापासून लिहिला होता. गेलेल्याच्या जागी कुणीतरी यावं, यात वाईट काय? पण तो गेला नव्हता. पंधरा पावलांवर होता, श्वास चालू होता, रोज अर्धी पोळी खात होता. अशा माणसासाठी तिने तिसरं बटणच ठेवलं नव्हतं. सुचलंच नव्हतं. आणि आता सुचलं तरी त्याच्यावर काय लिहायचं, हे तिला आलं नसतं.

चारला चार मिनिटं कमी असताना तिने लॅपटॉप उघडून त्याचा पासवर्ड पुन्हा घातला. मुलीचं लाडाचं नाव आणि तिचं जन्मावेळचं वजन. पत्र उघडलं. 'हो, अजून मीच.' तिला माहीत होतं की आता पुढच्या वर्षी पुन्हा पत्र येईल, खणात पुन्हा किणकिण होईल, आणि ती पुन्हा दाबेल. त्याच्या पुढच्या वर्षीही. उद्या दुकान उघडल्यावर ज्या शेकडो पालकांची नावं हिरव्या अक्षरांत दिसतील त्यांतली किती अशी कुणा बायकोने, कुणा आईने चोरून दाबलेली असतील, असा एक विचार येऊन गेला, आणि त्या न पाहिलेल्या बायका क्षणभर तिच्याभोवती आपापल्या स्वयंपाकघरांत बसलेल्या तिला दिसल्या. कुणी कुणाकडे पाहत नव्हती. तिने बटण दाबलं.

पडद्यावर त्याचं नाव हिरवं झालं. आतल्या खोलीतून काहीच आवाज आला नाही. मुकादमाचा निरोप आला, 'बघ, आला ना शेवटी! मिठी मार माझ्याकडून त्या आगबोटवाल्याला.' तिने हसरा चेहरा पाठवला.

आणि मग खण थरथरला. दोनदा आखूड, एकदा लांब.

तिच्या आधी मुलगी उठली. टेबलाखालून सरपटत बाहेर आली, खण ओढला, चमचे खळाखळा बाजूला केले आणि फोन दोन्ही हातांनी छातीशी धरला. तापाने गाल अजून लाल होते. या वर्षीच वाचायला लागली होती; पाटी दिसो, डबा दिसो, वाचल्याशिवाय सोडायची नाही.

"आई, बाबाला पत्र आलंय! मी वाचते. तू नको सांगू हं."

"दे इकडे, राणी."

"थांब ना गं! ध... न... हे जोडलेलं आहे. धन्य... धन्यवाद!" तिने विजयाने वर पाहिलं आणि बोट पुढच्या ओळीवर नेलं. "तु-म्ही. तुम्ही. आ-हा-त. तुम्ही आहात हे... क-ळू-न... तुम्ही आहात हे कळून... ब-रं... बरं वा-ट-लं. तुम्ही आहात हे कळून बरं वाटलं!"

ते वाक्यही तिचंच होतं. कधी लिहिलं ते आठवत नव्हतं.

मुलीने फोन उलटून पाहिला, पाठीमागे कुणाचं नाव आहे का ते. मग पुन्हा सरळ केला. वर पाहिलं, खाली पाहिलं, नखाने पडदा थोडा सरकवून पाहिला. शेवटी लोटलेल्या दाराकडे एकदा आणि तिच्याकडे एकदा बघून तिने विचारलं,

"आई, पण कुणाला बरं वाटलं?"